वाऱ्याचा वाटा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुकुमारमामा चौथी काच घेऊन माझ्या वर्कशॉपवर आले. मोटरसायकलची पुढची काच म्हणजे विंडशील्ड. ही आधीच्या तिन्हींपेक्षा वीतभर उंच होती आणि त्यांनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

"पद्मे, ही बसव. हिच्यानं तरी डोकं थांबतंय का बघू."

"मामा, तीन झाल्या वर्षात. प्रत्येक वेळी आधीपेक्षा उंच. फरक पडला का?"

"छातीला वारा लागत न्हाई आता. पण डोकं... कुणीतरी हेल्मेट धरून हलवालंय असं वाटतंय. घाटात तर समोरचा दगड दोन दिसतोय."

मामा अठ्ठावन्न वर्षांचे. अकरा वर्षं ते 'प्राणवेग' सहकारी संस्थेत स्वार होते. रक्ताच्या पिशव्या, सर्पदंशाची लस, नवजात बाळांची औषधं असा गार डबा पाठीला बांधून कोल्हापूरहून निघायचं आणि गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून खालच्या आरोग्य केंद्रात पोचवायचं, हे त्यांचं काम. सपाटीवरच्या बऱ्याच गावांना औषधं आता ड्रोननं जातात. पण घाटात बारा महिने आडवातिडवा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने धुकं असं असतं, की ड्रोन उडवायला कुणी धजत नाही. २०३९ साल उजाडलं तरी तिथे माणूस आणि दोन चाकंच लागतात.

माझी आई गेल्यावर मामा-मामींनी मला वाढवलं. इंजिनियरिंगची फी मामांच्या पगारातून गेली. आता माझं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप होतं. संस्थेच्या सगळ्या गाड्यांच्या काचा बसवायचा आणि त्या तपासून दाखला द्यायचा अधिकार माझ्याकडे होता. मी चार वर्षं एक यंत्र बनवत होते, आणि ते नुकतंच तयार झालं होतं.

"ही राहू दे," मी ती उंच काच बाजूला ठेवत म्हटलं. "माझी लावते. तिची उंची तिची तीच ठरवते."

मामांनी संशयानं बघितलं. "म्हणजे?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पंचगंगेला पूर आला की पुलाच्या खांबामागे भोवरे सुटताना आपण बघतो. एक डावीकडून, एक उजवीकडून, ठरावीक तालात. काचेच्या वरच्या कडेवरून वारा जातो तेव्हाही हेच होतं. कडेपाशी तो वळतो, गुंडाळतो आणि भोवऱ्यांची रांग मागे सोडतो. ती रांग कुठे जाऊन आदळते यावर सगळं अवलंबून. काच पुरेशी बुटकी असेल तर भोवरे छातीवर, खांद्यावर संपतात आणि डोकं स्वच्छ, सरळ वाऱ्यात राहतं. वारा लागतो, पण हलवत नाही. काच खूपच उंच असेल तर रांग डोक्यावरून निघून जाते, पण मग पावसात त्या ओल्या काचेतूनच बघावं लागतं. या दोन्हींच्या मधली उंची सगळ्यात वाईट. तिथे भोवरे नेमके हेल्मेटवर फुटतात, सेकंदाला सात, आठ, दहा वेळा. मान आखडते, कान बधिर होतात, नजर हलते. स्वाराला वाटतं वारा जास्त आहे, म्हणून तो आणखी उंच काच घेतो, पण तीही मधल्याच उंचीत अडकते. मामांच्या तिन्ही काचांचं हेच झालं होतं.

माझ्या यंत्रात हेल्मेटच्या अस्तरात तांदळाच्या दाण्याएवढे तीन संवेदक होते. डोकं किती आणि किती वेळा हलतंय ते मोजायचे. काचेखाली दोन लहान मोटरी. डोकं हललं की काच बोटभर खाली, बोटभर वर, जिथे सगळ्यात शांत तिथे थांबणार. स्वार ठेंगणा असो की उंच, वारा समोरून असो की दरीतून, ती आपली जागा शोधत राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोकुळ शिरगावच्या मागच्या सरळ रस्त्यावर गेलो. मामांनी आधी त्यांची जुनी काच लावून फेरी मारली, मग माझी. परत आले तेव्हा त्यांनी हेल्मेट काढलं आणि रस्त्याच्या कडेला शेताकडे बघत उभे राहिले.

"काय झालं?"

"अगं, पाखरं ऐकू आली." त्यांचे डोळे ओले होते. "ऐंशीच्या वेगात पाखरं ऐकू आली, पद्मे. किती वर्षांनी."

काच त्यांच्या नेहमीच्या उंचीपेक्षा तब्बल चार बोटं खाली जाऊन थांबली होती. त्या सकाळी मला माझा इतका अभिमान वाटला, की घरी जाताना मी मामीसाठी पेढे घेतले.

आकडे मी दुपारी बघितले.

जुन्या काचेचा आलेख अपेक्षेप्रमाणे होता. साठच्या वेगाला सेकंदाला सात हेलकावे, ऐंशीला नऊ, शंभरला बारा. वेग वाढला की भोवरे लवकर सुटतात, म्हणून आकडाही वाढतो. नव्या काचेच्या आलेखात ते सगळे उंचवटे जवळपास सपाट झाले होते. पण एक बारीक सुळका शिल्लक होता. सेकंदाला पाच. साठला पाच. ऐंशीला पाच. शंभरला पाच.

वारा असं वागत नाही.

मला वाटलं संवेदक बिघडला. मी तेच हेल्मेट घालून त्याच रस्त्यावर गाडीनं दोन फेऱ्या मारल्या. सुळका नव्हता. मग मामांची नोंद पुन्हा उघडली आणि सुरुवातीचा भाग बघितला, जिथे ते गाडी सुरू करण्याआधी मिनिटभर नुसते बसले होते. चाकं थांबलेली, वारा नाही, मोटर बंद. तिथेही होता. अगदी लहान, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, पण तालात. सेकंदाला पाच.

इतकी वर्षं वाऱ्याच्या धिंगाण्यात ते झाकलं गेलं होतं. मी वारा काढून टाकला आणि खाली मामांचं स्वतःचं थरथरणं उघडं पडलं.

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मामा स्वतःच वर्कशॉपवर आले, काचेची तारीफ करायला. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पडद्यावर दोन्ही आलेख शेजारी लावले. बोट ठेवून दाखवलं. हा वाऱ्याचा वाटा. आणि हा... हा वाऱ्याचा नाही.

मामा पडद्याकडे वाकले.

"मशीन नवं हाय तुझं."

"मी स्वतः घालून बघितलं, मामा. माझ्यात येत नाही."

"रस्ता खराब असंल."

"गाडी थांबलेली असतानाही आहे."

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

मग ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. "आमच्या अण्णांचं डोकं असंच हलायचं," ते त्यांच्या वडिलांबद्दल म्हणाले. "शेवटची दहा वर्षं. पंक्तीत वाढायला आलं की लोक हसायचे, बाळगोंडाला विचारू नका, ते सगळ्याला न्हाईच म्हणतंय. अण्णा ताट तसंच ठेवून उठायचे."

"म्हणजे तुम्हाला शंका होती?"

"शंका कसली. वारा हाय म्हणून बसलो होतो." ते पुन्हा स्टुलावर बसले. "पद्मे, ऑगस्टात तपासणी हाय."

तपासणी मला माहीत होती. दरवर्षी ऑगस्टात प्रत्येक स्वाराच्या हेल्मेटमध्ये संस्थेचा साधा संवेदक बसवून त्याची पंधरा दिवसांची नोंद कार्यालयात जायची. संस्थेचे व्यवस्थापक तवनाप्पा शेटे ती स्वतः बघायचे. आजवर त्या नोंदीत वाऱ्याशिवाय काही दिसत नसे. माझी काच लावली, तर मामांच्या नोंदीत तो सुळका स्पष्ट दिसणार होता.

"तू काच जिथं होती तिथं नेऊन घट्ट कर," मामा म्हणाले. "चार बोटं वर. दोन महिने. तपासणी झाली की सोड परत."

"मामा, ती सगळ्यात वाईट उंची आहे. तिथे तुमचं डोकं सगळ्यात जास्त हलतं."

"ठाऊक हाय. हलू दे. वाऱ्यानं हलतंय म्हणतील."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांना सांगितलंही, की चांगल्या काचेवर तुम्ही नीट गाडी चालवू शकता आणि वाईट काचेवर नाही, मग वाईट काच घेऊन काय साधणार? त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी गेली तर मी सकाळी उठून काय करू, सांग." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण हात मांडीखाली दाबून धरले होते, लहान मूल धरतं तसे.

मी स्क्रू आवळले. मोटरींची तार काढून ठेवली. अकरा वर्षं हे अशाच काचांवर चालवतायत, आणखी दोन महिन्यांनी काय होणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. दाखल्यावर 'काच योग्य उंचीवर' असं लिहून सही केली.

त्यानंतर महिनाभर मी मामांच्या घरी जायचं टाळलं. गेले तेव्हा सूर्यास्ताआधीची जेवणं चालू होती. मामीनं मामांपुढे ताकाचा पेला ठेवला. उंच, जड पितळी पेला, आणि ताक जेमतेम निम्म्याला, हिंदकळलं तरी सांडू नये इतकं. पूर्वी मामा वाटीनं ताक प्यायचे, काठोकाठ भरून. मी मामीकडे बघितलं. तिनं नजर चुकवली.

मामा हात धुवायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"कशाचं?"

"पेला."

मामी भाकरीचं फडकं घडी करत राहिली. "गेल्या दिवाळीपासनं," ती म्हणाली. "यांना वाटतंय मला दिसत न्हाई. मीबी दाखवत न्हाई. माणसाला किती उघडं पाडायचं?"

म्हणजे घरात तिघं होतो, तिघांना माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मामा आत आले, आणि मी पावसाचा विषय काढला.

ऑगस्टच्या नऊ तारखेला सकाळी साडेदहाला मला मामांचा फोन आला.

घाटाखालच्या एका वाडीत रोप लावताना हौसाबाई तांबे नावाच्या बाईला घोणस चावली होती. त्याच पहाटे दोन सर्पदंश येऊन गेले होते, त्यामुळे आरोग्य केंद्रातली लस संपत आली होती. अर्धी मात्रा देऊन त्यांनी संस्थेला कळवलं. मामा पावणेनऊला कोल्हापुरातून निघाले होते.

"पद्मे," ते म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "मी गगनबावड्याच्या नाक्याला थांबलोय. मला घाट दिसत न्हाई."

"धुकं आहे का?"

"धुकं रोजच असतंय. मला पांढरी पट्टी दिसत न्हाई. दोन दिसत्यात, तीन दिसत्यात. उतरलो दोन वळणं, वीसच्या वेगानं. कठड्याला चाक लागलं. फिरून वर आलो." मागून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. "पद्मे, मी हेल्मेट काढलं. गाडी बंद केली. आरशात बघितलं. वारा न्हाई, काय न्हाई, आणि डोकं हलालंय. अण्णांचंच डोकं हलालंय आरशात."

भीतीनं आणि ताणानं तो कंप वाढतो, हे मला नंतर कळलं. तासभर वाऱ्यानं मान हलवून हलवून थकवली होती, आणि मग घाटाच्या तोंडाशी बाईच्या जिवाची घाई. ज्या काचेनं त्यांना झाकायचं, तिनंच त्यांना तिथवर आणलं होतं. आणि ती मी आवळली होती.

"डबा?" मी विचारलं.

"पाठीला हाय. मी एसटीला हात करालोय. वैभववाडीची गाडी यायची हाय."

"मी संस्थेला दुसरा स्वार पाठवायला सांगते."

"तो यायला दीड तास. एसटी आधी पोचंल. तू फोन ठेव."

बस पंचवीस मिनिटांनी आली. मामांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती थांबवली आणि कंडक्टर बाईच्या हातात डबा दिला. पुढचा घाट ती बस धुक्यातून दिवे लावून, कुठेही न थांबता उतरली. लस पोचली, पण जिथे सव्वादहाला पोचायची तिथे साडेअकराला पोचली.

हौसाबाई वाचल्या. पण घोणशीचं विष मूत्रपिंडांवर जातं, आणि तो सव्वा तास त्यांना महागात पडला. नऊ दिवस त्यांना डायलिसिसवर ठेवावं लागलं.

त्याच दुपारी मी टेम्पो घेऊन मामांना आणि गाडीला आणायला गेले. मामा टपरीच्या बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "ती बाई?"

"उपचार चाललेत."

परत येताना आसळज गावापाशी त्यांनी टेम्पोची काच वर केली. मग म्हणाले, "उद्या मी तवनाप्पाकडं जातो. सगळं सांगतो. तुझं नाव घेत न्हाई. काच मीच घट्ट केली म्हणतो."

"दाखल्यावर सही माझी आहे, मामा."

"पद्मे, तुझं वर्कशॉप..."

"मी पण येते," मी म्हटलं.

तवनाप्पा शेटे मामांपेक्षा दहा वर्षांनी लहान. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी तो ओरडला नाही. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मग मी आलेख दाखवले आणि माझी सही दाखवली. तवनाप्पानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

"सुकुमारअण्णा, तुम्ही आला असता ना सरळ माझ्याकडं..."

"आलो असतो तर काय केलं असतंस?"

तवनाप्पानं चष्मा परत लावला. "खरं सांगू? गाडी काढून घेतली असती. नियमच न्हाई दुसरा."

"मग?"

"मग काय." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमचं मशीन आम्ही चाळीस गाड्यांना बसवणार होतो. उद्या आणखी कुणाचं असंच निघालं, तर तोबी तुमच्याकडं येऊन स्क्रू आवळा म्हणणार. यंत्रानं कळालं, हे बरं झालं. पण कळल्यावर त्या माणसाचं काय करायचं, ते तुम्ही बनवलंच न्हाई."

चार वर्षं मी हवेचा प्रवाह, कडेचा बाक, मोटरींचं वजन या सगळ्याचा विचार केला होता. याचा नव्हता केला. 

संस्थेनं माझा दाखले देण्याचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. मामांना गाडीवरून उतरवलं. दोन्ही निर्णय योग्य होते.

मेंदूविकारांच्या मुजावर मॅडमकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी मामांना हात लांब करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला, चालायला लावलं. मामी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मामांच्या मनात कोणत्या रोगाची भीती होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कुणी घेत नव्हतं.

"कंपवात नाही," मॅडम म्हणाल्या. "तो नाही. हा कंप वेगळा, बहुतेकदा घराण्यात चालत येतो. वडिलांना होता म्हणालात ना? यानं माणूस जात नाही. वाढतो, हळूहळू. गोळीनं बराचसा ताब्यात राहतो. पण काका, वडिलांना गोळी कुणी दिली नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. तुम्हाला वेळेवर कळलंय."

मामी पदर डोळ्यांना लावून रडली. मग बाहेर आल्यावर तिनं मामांना भर रस्त्यात झापलं. "दिवाळीपासनं निम्मा पेला भरालोय मी! निम्मा! एकदा तरी विचारलंत, का गं निम्मा?" मामा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना खरंच वाटत होतं की तिला काही दिसलं नव्हतं.

सप्टेंबरात मामा म्हणाले, हौसाबाईंना भेटायचं. मी त्यांना घेऊन गेले. हौसाबाई चाळिशीच्या, रापलेल्या, अजून अशक्त होत्या. ओसरीवर बसून चवळीच्या शेंगा सोलत होत्या. आधी त्यांना वाटलं आम्ही दवाखान्याकडून आलो. मग मामांनी सांगितलं. स्वार मीच. डोकं हलत होतं ते मी लपवलं. म्हणून तुमचं औषध उशिरा पोचलं.

मला वाटलं होतं त्या 'जाऊ दे, जीव वाचला ना' म्हणतील. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"नऊ दिवस नळ्या लावून पडलेली मी," त्या म्हणाल्या. "दोन खाचरं लावायची राहिली. आधीच थांबला असतात तर दुसरा कोण आला असता ना?"

"व्हय," मामा म्हणाले.

"मग?"

 मामांनी हात जोडले. हौसाबाईंनी त्या जोडलेल्या, बारीक थरथरणाऱ्या हातांकडे बघितलं. मग शेंगांची टोपली बाजूला सारून म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या. एवढ्या लांबून आलात."

त्या घरातून निघाल्यावर मी नियम लिहायला बसले. तवनाप्पा आणि मी तो महिनाभर घासला. यंत्राला वाऱ्यापलीकडचं काही दिसलं, तर ते आधी फक्त स्वारालाच सांगायचं. त्या दिवसापासून त्यानं घाटात एकट्यानं जायचं नाही, आणि तीस दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं. तोवर पगार चालू. डॉक्टर म्हणतील तसं काम बदलायचं, पण कामावरून काढायचं नाही. आणि काचेची उंची कुणालाही, मलासुद्धा, आवळून ठेवता येऊ नये म्हणून मी ते स्क्रूच काढून टाकले. डिसेंबरपर्यंत चाळीस गाड्यांमधून आणखी दोन जणांची नावं निघाली. एक तर अवघ्या तिशीची मुलगी होती. दोघंही स्वतःहून तवनाप्पाकडे गेले.

मामांना गोळी लागू पडली. जानेवारीत पुन्हा चाचणी झाली आणि त्यांना सपाटीचे मार्ग मिळाले, दिवसाउजेडी, साठच्या आत. घाट मात्र नाही. त्यांनी वाद घातला नाही. पण घाटाला स्वार कमी पडत होता. माझ्याकडे वर्षभर दाखल्यांचं काम नव्हतं, आणि मी चौदा वर्षं मोटरसायकल चालवत होते. मी अर्ज केला. तवनाप्पानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "पहिली फेरी सुकुमारअण्णांना मागं बसवून करायची. वळणं दाखवतील."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. डबा टाकीवर बांधला, मामा मागे बसले. शहराबाहेर पडल्यावर काच आपली जागा शोधू लागली आणि घोटाळ्यात पडली. माझं डोकं मामांच्या डोक्यापेक्षा खाली. काच वर गेली की मला शांत, पण भोवरे माझ्या हेल्मेटवरून सुटून नेमके मागे मामांच्या तोंडावर. काच खाली गेली की त्यांना बरं, पण माझी मान हलायची. दोन डोक्यांचा हिशेब मी यंत्रात घातलाच नव्हता. ती वर-खाली, वर-खाली करत राहिली. शेवटी मी कळे गावाजवळ गाडी थांबवली.

"तिला मध्यावर थांबायला लावू का? दोघांना थोडा थोडा."

"मध्य कशाला? तूच म्हणतीस ना, मध्य सगळ्यात वाईट." मामांनी हेल्मेटची पट्टी घट्ट केली. "तुझ्या डोक्याला लाव. गाडी तू चालवालीस."

"तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. आज मला रस्ता बघायचा न्हाई."

मी मागच्या हेल्मेटची तार काढली. काच एकदा हलली आणि थांबली. माझ्या कानांत एकदम शांतता पसरली.

गगनबावडा मागे टाकून आम्ही करूळ घाटाला लागलो. प्रत्येक वळणाआधी मामा माझ्या खांद्यावर थाप मारत. डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, दोनदा म्हणजे वळण फसवं आहे, वेग आणखी कमी कर. ऊन स्वच्छ होतं. पाचवं वळण झालं, सहावं झालं. प्रत्येक थाप अगदी वेळेवर येत होती. त्यांना तो घाट तोंडपाठ होता.

नवव्या वळणाला थाप आली नाही.

मला वाटलं काही झालं. वेग कमी करत मी आरशात बघितलं. वारा त्यांचं डोकं हलवत होता, किंवा ते आपोआप हलत होतं, आता ते वेगळं सांगता येत नव्हतं. त्यांनी हेल्मेटची पुढची झडप वर केली होती आणि मान उजवीकडे वळवून ते खाली बघत होते. अकरा वर्षं त्या घाटात त्यांनी फक्त पांढरी पट्टी बघितली होती. आज पहिल्यांदाच दरी बघत होते.

मी थाप मागितली नाही. दहावं वळण आलं, ते मी माझं मीच घेतलं.